बेळगावात गल्लीतलं जुनं, लढाईआधीचं घर घेताना काय काय बघायचं: सगळं क्रमानं

दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला, "मामा, रामदेव गल्लीच्या मागच्या बाजूला एक घर विकायला आहे, दोन मजली, सागवानी खांब, लढाईच्या आधीचं, एजंट म्हणतोय आठ दिवसांत इसारा द्या नायतर जाईल." मी म्हटलं जाऊ दे की. नव्वद वर्षं जे घर कुठं गेलं नाही ते आठ दिवसांत कुठं जातंय.

तर मुद्दा असा की मी स्वतः शहापुरात असलं एक घर घेतलंय. तीन महिन्यांत होईल म्हणून धरलेलं काम चौदा महिने चाललं, आणि त्या चौदा महिन्यांत जे काय डोक्यात शिरलं ते भाच्याला फोनवर सांगून संपेना म्हणून इथं लिहून काढतोय. लढाईआधीचं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, १९३९ च्या आधीचं, आमची आजी सगळ्या गोष्टी "लढाईच्या आदी" आणि "लढाईच्या नंतर" अशाच मोजायची. वकील करायचाच आहे, हे वाचून वकिलाची फी वाचवायला जाऊ नका, पण वकिलाला काय विचारायचं एवढं तरी कळेल.

आपल्यातले बहुतेक लोक काय करतात, आधी घर बघतात, खांबाला हात लावतात, माजघरात उभं राहून गार वाटलं की मनानं विकत घेऊन टाकतात, मग भाव, मग इसारा, आणि मग कागद घेऊन वकिलाकडं. हा क्रम पूर्ण उलटा करायचा. आधी माणसं, मग कागद, मग भिंती आणि लाकूड, आणि पैशाची गोष्ट सगळ्यात शेवटी. माझं जे नुकसान झालं ते सगळं क्रम चुकल्यामुळं झालं.

पायरी १: घर पूर्वी कुणाच्या राज्यात होतं ते विचारा

हसू नका, बेळगावात हा पहिला प्रश्न आहे. गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्ली, नार्वेकर गल्ली, हा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला. पण शहापूर सांगली संस्थानाचं होतं, १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत. म्हणजे एका रस्त्याच्या अलीकडं पलीकडं दोन कारभार. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला सगळंच म्हैसूर राज्यात गेलं, त्याचं १९७३ ला कर्नाटक झालं. याचा परिणाम थेट तुमच्या फायलीवर होतो, कारण एकाच घराचे सगळ्यात जुने कागद मोडीत, मधले बाळबोध मराठीत नायतर इंग्रजीत, आणि आताचे कन्नडात असतात. तिन्ही वाचणारा एक माणूस सापडणं अवघड, त्यामुळं आधीपासूनच दोन-तीन माणसं धरून ठेवायची.

कॅम्पातला बंगला असेल तर गोष्टच वेगळी. कॅन्टोन्मेंटमधले बरेच जुने बंगले "ओल्ड ग्रँट"चे असतात, म्हणजे जमीन सरकारची, विकणाऱ्याच्या मालकीचा फक्त वरचा बांधकामाचा सांगाडा. नोंद बघायची ती जीएलआरमध्ये, म्हणजे जनरल लँड रजिस्टरमध्ये, डिफेन्स इस्टेटकडं किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डात. बंगला कितीही देखणा असला, व्हरांडा कितीही मोठा असला, तरी तिथं जमिनीचा भाव देऊन बसू नका. आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूजवळचं घर असेल (किल्ल्यातली कमल बस्ती तशी आहे) तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. गल्लीतल्या घरांना हे सहसा लागत नाही, पण एकदा विचारून घ्या.

निपाणी, खानापूर, संकेश्वर इथल्या जुन्या घरांनाही खालचं सगळं लागू, फक्त महापालिकेच्या जागी तिथली नगरपालिका किंवा नगरपंचायत.

पायरी २: माणसं मोजा

हीच पायरी खरी, त्यामुळं इथं जरा जास्त वेळ घेतो.

जुनं घर म्हटलं की ते एकाचं नसतंयच. उताऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली, त्यांना चार मुलं तीन मुली, त्यातले दोघे गेले, त्यांची मुलं पुण्यात, एक गोव्यात, एक दुबईत. आणि तुमच्यासमोर चहा घेऊन बसलेला असतो तो धाकट्या मुलाचा मुलगा, जो त्या घरात राहतो आणि ज्याला वाटतं घर आपलंच.

म्हणून सगळ्यात आधी, भावाची गोष्ट काढायच्याही आधी, वंशावळ मागायची. तोंडी नको, नाडकचेरीतून (तहसीलदाराच्या हाताखालचं सरकारी ऑफिस) काढलेला वंशवृक्षाचा दाखला, आणि प्रत्येक गेलेल्या माणसाचा मृत्यू दाखला. तो कागद समोर ठेवून एक एक नावापुढं लिहायचं, हयात की नाही, कुठं असतो, सही देणार का.

मुलींची नावं वंशावळीत नसतील तर तिथंच थांबा. आपल्याकडं अजून "बहिणींना लग्नात दिलंय की ओ सगळं" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतंय. कायदा असा आहे की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाएवढाच हक्क, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत अशी अट नाही. त्याच्या आधीच्या काळातसुद्धा वडील वारले की त्यांच्या हिश्श्यात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी वारस होतीच. अपवाद आहे, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेली वाटणी किंवा कोर्टाची वाटणी असेल तर ती सहसा मोडत नाही, पण मग ती वाटणी कागदावर दाखवा म्हणायचं.

आता माझी गोष्ट. मला विकणारे दोघे भाऊ, अगदी सज्जन. बहिणीनं १९८० च्या दशकात स्टँप पेपरवर हक्क सोडून दिलाय म्हणून कागद दाखवला, खाली सही, दोन साक्षीदार, मी खूश. वकिलानं कागद उलटसुलट करून विचारलं, "रजिस्टरचा शिक्का कुठाय?" नव्हता. रजिस्टर न केलेलं हक्कसोड पत्र म्हणजे साधा कागद, स्थावर मिळकतीतला हक्क त्यानं जात नाही. इसारा दिलेला, तारीख ठरलेली. मग म्हापशाला त्यांच्या त्या बहिणीकडं दोन चकरा. पहिल्यांदा त्यांनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा आम्ही दोघं नवरा-बायको गेलो, सोबत बेळगावचा गोड कुंदा नेला, बसवून घेतलं, आणि त्या म्हणाल्या, "माझं काय म्हणणं नाही ओ, पण मला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." त्यांचा हिस्सा भावांनी दिला, त्या सहीला आल्या, जेवून गेल्या. पण चार महिने तिथं गेले. हे काम इसाऱ्याच्या आधी केलं असतं तर चार महिने आणि रात्रीची झोप दोन्ही वाचलं असतं.

अजून दोन गोष्टी. वारसांत कोणी अठरा वर्षांच्या खालचा असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीला कोर्टाची परवानगी लागते का ते वकिलाकडून लिहून घ्या, कारण परवानगीशिवाय विकलं तर तो पोरगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत येऊन व्यवहार मोडायला सांगू शकतो. आणि कोणी परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून केलेलं मुखत्यारपत्र लागतं, व्हॉट्सॲपवर "माझी संमती आहे" लिहून भागत नाही. मुखत्यारपत्र देणारा हयात आहे याची खात्री सहीच्या दिवशी करा, माणूस गेला की मुखत्यारपत्र पण गेलं. मी तर व्हिडिओ कॉल लावून नमस्कार करून घेतला.

पायरी ३: कागद

पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे इथं आले की सातबारा आणि इंडेक्स टू मागतात. इथं गावठाणातल्या, गल्लीतल्या घराला सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नंबर असतो आणि त्याचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेकडं, एडीएलआर ऑफिसात (भूमी अभिलेख खात्याचं) मिळतो. त्यावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. एजंट बोलतो गुंठ्यात (एक गुंठा १०८९ फूट), जुन्या खरेदीखतात लिहिलेलं असतं चौरस यार्डात किंवा सरळ "पाच खणांचं कौलारू घर, पुढं सोपा, मागं परसू". हे तिन्ही आकडे एकाच कागदावर उतरवून काढा. माझ्या घराचं एजंटनं सांगितलेलं क्षेत्र आणि उताऱ्यावरचं क्षेत्र यात मागचा अख्खा परसू इतका फरक होता.

मग ईसी, म्हणजे बोजा आहे की नाही त्याचा दाखला. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन निघतो, पण ऑनलाइन मिळतंय ते १ एप्रिल २००४ पासूनचं. त्याच्या आधीचं सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करून काढावं लागतं. वकील सहसा तीस वर्षांचं बघतात, मी म्हणतो जुन्या घराला जेवढं मागं जाता येईल तेवढं जा, कारण गहाणाची कुठली तरी जुनी नोंद बाहेर येतेच. ती फिटलेली असेल, पण फिटल्याचा कागद नसतो. शहापूरच्या घराला संस्थानी काळातलं इथल्या नोंदीत सापडेलच असं धरून चालू नका, तिथं विकणाऱ्याच्या ट्रंकेतल्या कागदांवरच भिस्त.

मूळ कागद बघायचेच. झेरॉक्सवर कधीच जाऊ नका. "मूळ कागद कुठंतरी आहेत बघा" असं म्हणाले की नव्वद टक्के वेळा ते कुठल्यातरी सोसायटीत नायतर बँकेत तारण असतात. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था, आणि कागद ठेवून कर्ज काढायची जुनी सवय.

मोडीचं सांगतो. माझ्या घराचं १९२० च्या दशकातलं एक खरेदीखत मोडीत होतं. भावांनी सांगितलं, त्यात काय नाही ओ, जुनं आहे, तुम्ही पूजेला ठेवा. मी हट्टानं एका मोडी वाचणाऱ्या निवृत्त गुरुजींकडं नेलं. त्यात चतुःसीमा लिहिलेली, आणि पूर्वेला लिहिलेलं "सामाईक बोळ". जागेवर पूर्वेला बोळ कुठं, शेजाऱ्याची न्हाणी! म्हणजे दोन्ही घरांचा सामाईक बोळ कधीतरी शेजाऱ्यानं आत घेतलेला आणि तीस-पस्तीस वर्षं कोणी काही बोललं नाही. आता त्याच्यावर भांडत बसलो असतो तर कोर्टात म्हातारा झालो असतो, पण तो कागद वाचला म्हणून भाव कमी करून घेता आला, आणि शेजाऱ्यानं उरलेल्या दोन फुटात माझी ड्रेनेजची पाइप जाऊ दिली, लेखी. एडीएलआरकडं मोजणीचा अर्ज खरेदीच्या आधीच करायचा, ते यामुळं.

महापालिकेकडचं: घरफाळा भरल्याच्या पावत्या, आणि ई-खाता, म्हणजे घर कुणाच्या नावावर त्याची महापालिकेतली ऑनलाइन नोंद. २०२४ पासून ई-खात्याशिवाय रजिस्ट्री होत नाही, आणि आजोबांच्या नावावर असलेल्या घराचा ई-खाता निघायला वेळ लागतो, नाव बदल, वारसा, जुनी थकबाकी सगळं त्यात निघतं. हे काम विकणाऱ्यानं त्याच्या खर्चानं करून द्यायचं, संचकारपत्रात तसं लिहा. (इसारा म्हणा, संचकार म्हणा, बेळगावात दोन्ही चालतंय.)

बुडाकडं, म्हणजे बेळगाव नगर विकास प्राधिकरणात, जाऊन मास्टर प्लॅनमध्ये त्या गल्लीच्या रुंदीकरणाची रेघ घरावरून जातेय का ते बघा. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, रस्त्यात जाणार असेल तर घरात राहतं काय. आणि पाडून नवीन बांधायचा विचार असेल तर आर्किटेक्टला आधीच विचारा की आजच्या नियमानं त्या रुंदीच्या गल्लीत किती सोडून किती बांधता येतं. बऱ्याच वेळा जुनं घर ठेवलं तर जास्त जागा मिळते, कारण ते भिंतीला भिंत लावून बांधलेलं असतं, तसं आता बांधू देत नाहीत.

कोर्टाच्या ई-कोर्ट्स साईटवर विकणाऱ्यांची सगळ्यांची नावं टाकून बघा, आडनावाची दोन-तीन स्पेलिंग करून. आणि शेवटी जाहीर नोटीस, एका मराठी आणि एका कन्नड पेपरात. तरुण भारत नायतर पुढारीत दिली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अख्ख्या गल्लीला कळतं, आणि हरकत असलेला माणूस नोटीस वाचून नाही, शेजाऱ्याच्या फोनमुळं येतो. येऊ दे, आताच आलेला बरा.

कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका आणि मानही डोलवू नका. बाँड रायटरनं, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्यानं, लिहिलेला खरेदीखताचा मसुदा एक दिवस आधी घरी घेऊन या, कन्नड वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. सीटीएस नंबर, चारी बाजू, क्षेत्र, नावांची स्पेलिंग. माझ्या मसुद्यात उत्तर आणि दक्षिण अदलाबदल झालेली. नंतर दुरुस्तीपत्र करायचं म्हणजे परत त्या सगळ्या सह्या, परत म्हापसा.

पायरी ४: भाडेकरू आणि शेजारी

खाली दुकान आणि वर माडी असं घर खडे बाजार, गणपत गल्लीकडं असतंय. दुकानात भाडेकरू असेल, भाडं महिन्याला शे-पाचशे, आजोबांच्या वेळचं, तर तो घराबरोबर तुमच्याकडं येतो. तुम्ही नवीन मालक झालात म्हणून तो उठत नाही. विकणारा म्हणेल, "सही झाली की उठतो ओ तो, बोलणं झालंय." सही व्हायच्या आधी किल्ली हातात द्या म्हणायचं, नायतर भाडेकरूसकटचा भाव लावायचा आणि तो भाव खूप कमी असतो. मधला रस्ता मला तरी माहीत नाही.

शेजाऱ्याकडं एकदा संध्याकाळी जाऊन बसा. सामाईक भिंत कुठली, आड सामाईक आहे का, कुणाच्या पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात, मधली पत्र्याची पन्हाळ कोण साफ करतं. वीस वर्षं बिनहरकत चालत आलेल्या उजेडवाऱ्याच्या खिडकीला कायद्यानं हक्क मिळू शकतो, त्यामुळं तुमच्या भिंतीकडं उघडणाऱ्या त्यांच्या खिडक्या मोजून ठेवा. त्यांच्या तुळया तुमच्या भिंतीत असतील तर घर पाडायच्या आधी फोटो काढून दोघांच्या सह्यांनी कागद करा, नायतर त्यांच्या प्रत्येक जुन्या चिरेचं बिल तुमच्या नावावर.

पायरी ५: घर बघा, आणि पावसात बघा

डिसेंबरात सगळी घरं छान दिसतात. बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात हजारो घरं पडली, त्यात मातीच्या भिंतींची किती होती ते त्या पावसात फिरलेल्या कुणालाही विचारा. तेव्हा शक्य असेल तर जुलैत जा. नसेल तर पावसाची खूण शोधा, छताखालच्या लाकडावर पाण्याचे डाग, भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटाला लोणा, नुकताच मारलेला रंग. नुकताच मारलेला रंग बघितला की मी तरी भिंतीला नखानं खरवडतो.

गवंडी आणि सुतार दोघंही न्या, आणि ते जुन्या कामातले पाहिजेत. नुसत्या स्लॅबचं काम केलेला गवंडी एका मिनिटात "पाडा ओ, काय ठेवलंय यात" म्हणणार, कारण त्याला तेवढंच येतं.

भिंत कशाची ते आधी. काळा दगड, जांभा म्हणजे चिरा, कच्च्या विटा किंवा नुसती माती. खालचे तीन-चार फूट दगड आणि वर माती असं खूप असतं. ओळंबा सोडून बघा, पोट सुटलंय का. भिंतीला फुगवटा असेल तर आतला आणि बाहेरचा थर सुटलेत असं समजायचं. चीर असेल तर तिच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा, महिन्याभरात पट्टी तडकली तर चीर जिवंत आहे.

मातीच्या, चुन्याच्या भिंतीवर मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो आणि सगळा घोटाळा तिथं होतो. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट थापलं की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही, गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो, आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजतात. म्हणून सुताराला सांगायचं, खांब मधोमध बघू नको, तो नव्वद वर्षं उभाच आहे. तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं बघ, आणि खांब तळखड्यावर जिथं बसतो तिथं बघ. पेचकस टोचायचा, सहज आत गेला तर लाकूड गेलं. हातोडीनं वाजवायचं, चांगलं लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड भद्द वाजतं. वाळवीच्या मातीच्या नळ्या कोनाड्यामागं, देवघराच्या फळीखाली, जिन्याच्या पोटात शोधा.

सागवान म्हणून सांगितलेलं सगळं सागवान नसतं. खानापूर, लोंढ्याचं जंगल जवळ, त्यामुळं दर्शनी खांब सागाचे आणि वरचे वासे मत्तीचे (ऐनाचे), जांभळीचे असं चालायचं. वाईट काही नाही, फक्त सागाचा भाव देऊ नका. काही घरांत लोखंडी गर्डर किंवा रेल्वेच्या रुळाचे तुकडे तुळईच्या जागी दिसतात. गर्डरवर कधीकधी उठावात विलायती कंपनीचं नाव असतं, डॉर्मन लाँग वगैरे, त्यावरून घराचा काळ कळायला मदत होते. कौलांवरून काळ ठरवायला जाऊ नका. मंगळूरला बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, खानापूरची कौलं पण जुनी, पण कौलं दर काही वर्षांनी बदलली जातात, एकाच छपरावर तीन कारखान्यांची नावं सापडतात.

छप्पर बघायला समोरच्या घराच्या गच्चीवर जा. आढं सरळ रेषेत आहे की मधे बसलंय ते तिथून दिसतं. दोन उतारांच्या मधली पन्हाळ सगळ्यात आधी गळते, तिच्याखालचं लाकूड बघितल्याशिवाय उतरू नका.

शहापूर, वडगाव, खासबागकडं विणकरांची घरं आहेत, त्यात जमिनीत मागाचा खड्डा असायचा. बहुतेकांनी भरून वर शहाबादी फरशी घातली. तिथं फरशी दबलेली, किंवा पावसाळ्यात तेवढाच चौकोन ओला दिसतो. मला हा प्रकार पलंगाचे पाय डुगडुगायला लागल्यावर कळला.

लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल तर ती सगळी काढायची, थोडी ठेवून थोडी नवी असं नको. आणि माडीवर कुणी हौसेनं संडास-बाथरूम बांधलं असेल तर त्याच्याखालची तुळई पहिली तपासा. मातीच्या भिंतीवर आरसीसी स्लॅब टाकून दुसरा मजला चढवायचं स्वप्न असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही.

पायरी ६: आता पैसे

बँक असल्या घराला कर्ज देताना कां-कू करते. व्हॅल्युअर येतो, बांधकामाला जवळजवळ शून्य धरतो, जागेची किंमत काढतो, मुदत कमी देतो. म्हणून आधी दोन बँकांत कागद दाखवून या, मग भाव बोला. उलट तुम्हालाही हाच मुद्दा भावात वापरता येतो.

सरकारी खर्चाचा हिशोब: ४५ लाखांच्या वरच्या व्यवहाराला स्टँप ड्यूटी ५ टक्के, तिच्यावर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के सरचार्ज, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झालीय. समजा घर ६० लाखाला ठरलं. ड्यूटी ३ लाख, सेस ३० हजार, सरचार्ज ६ हजार, नोंदणी १ लाख २० हजार. एकूण ४ लाख ५६ हजार, म्हणजे ७.६ टक्के. सरकारी गायडन्स व्हॅल्यू तुमच्या भावापेक्षा जास्त असेल तर हिशोब तिच्यावर होतो. व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, आणि विकणाऱ्यांत कोणी परदेशात राहणारा असेल तर त्याच्या हिश्श्याला वेगळा, बराच जास्त टीडीएस लागतो, तिथं ५० लाखांची मर्यादा नाही. सीएला विचारल्याशिवाय दुबईवाल्या भावाचा चेक लिहू नका.

रोखीत २० हजार किंवा त्याच्या वर काही द्यायचं नाही. "थोडं ब्लॅक, थोडं व्हाइट" म्हणणारे भेटतातच, त्यांना सरळ नाही म्हणा. चेक प्रत्येक वारसाच्या नावानं वेगळा, त्याच्या हिश्श्याप्रमाणं. एकाच्या खात्यावर सगळे पैसे टाकून "तुम्ही आपसात वाटून घ्या" म्हणायचं नाही, ते आपसात भांडतात आणि दार तुमचं वाजवतात.

संचकार कमी द्या आणि मुदत मोठी घ्या. त्यात लिहा: अमुक अमुक वारसांच्या सह्या, ई-खाता, रिकामा ताबा, आणि यातलं काही झालं नाही तर संचकार परत.

दुरुस्तीचा अंदाज सुतार-गवंड्यानं सांगितला त्याच्या दीडपट बाजूला ठेवा. माझा दुपटीवर गेला, पण मी चुन्याचा गिलावा करायचा हट्ट धरला होता आणि ते काम करणारा गवंडीच सापडेना.

पायरी ७: रजिस्ट्री आणि नंतरच्या चकरा

कावेरीवर माहिती भरायची, सब-रजिस्ट्रार तपासतो, पैसे ऑनलाइन भरायचे, वेळ घ्यायची आणि त्या दिवशी सगळ्यांनी फोटो-अंगठ्याला हजर राहायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी तुम्ही करा. त्यांना आदल्या दिवशीच बेळगावात आणून ठेवलं तर अजून बरं, चोर्ला घाटात गाडी अडकली तर वेळ हुकते.

सही झाली की लोक पेढे वाटून मोकळे होतात आणि पुढचं राहून जातं. महापालिकेत खाता तुमच्या नावावर, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तुमचं नाव, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, मीटरवर नाव बदल, पाण्याचं कनेक्शन. उताऱ्याचं काम सगळ्यात जास्त लांबतं, अर्जाची पोच फाईलला लावून महिन्याला एकदा जाऊन या. मी उद्यमबागेतल्या कामावरून अर्धी रजा टाकून किती वेळा गेलो ते मोजायचं सोडून दिलंय.

आणि एक, घराच्या मागं परसात रचून ठेवलेली जुनी कौलं असतील तर विकणाऱ्याला ती नेऊ देऊ नका. नवीन कौलं जुन्या मापाला बसत नाहीत, खाच जुळत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात माकडं येऊन पाच-पंचवीस फोडतात. माझ्याकडं साठ होती, आता अकरा उरलीत. गल्लीत कुठं जुनं घर पाडायला घेतलं की मी स्कूटर घेऊन तिथं हजर.